तारो कोनो म्हणजे नुसता 'फ्लॉपीवाला मंत्री' नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मागे आतल्या पानावर एक छोटी चौकट आली होती, की जपानच्या सरकारी ऑफिसांत आत्ताआत्तापर्यंत फ्लॉपी चालायची आणि एका मंत्र्यानं ती बंद केली. बातमी खरीच आहे पण ती गमतीजमतीच्या सदरात टाकलेली आणि त्या मंत्र्याचं नावसुद्धा धड दिलेलं नव्हतं, ते मला खटकलं म्हणून हे पत्र. जरा लांबेल, जागा असेल तेवढं छापा.

त्यांचं नाव तारो कोनो. मी इंदूरला सुदामा नगरात ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं सेंटर चालवते, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांचा नंबर), आधार लिंक, पेन्शन, शाळा-कॉलेजचे फॉर्म, सगळं. आणि ह्या माणसानं मंत्री असताना जे काम केलं ना, ते माझ्या काउंटरवर रोज जे चालतं त्याच्याशी इतकं थेट जोडलेलं आहे की मी गेली काही वर्षं त्यांच्याबद्दल जे जे सापडेल ते वाचतेय. भाचा नोकरीनिमित्त तिकडे असतो, तो पण सांगत असतो. आपल्याकडे परदेशी नेते म्हटलं की अमेरिकेचा अध्यक्ष नाहीतर पाकिस्तान, बाकीच्यांची बातमी फक्त काही विचित्र घडलं तरच येते, म्हणून वाटलं आपणच लिहावं.

आधी फ्लॉपीचंच सांगते, कारण त्या चौकटीत मुख्य गोष्टच राहून गेली होती. ऑगस्ट २०२२ मधे पंतप्रधान फुमिओ किशिदांनी कोनोंना डिजिटल मंत्री केलं. तेव्हा त्यांनी सगळ्या खात्यांचे कायदे, नियम, आदेश चाळून, लोकांनी सरकारला माहिती देताना 'फ्लॉपीवरच द्या', 'सीडीवरच द्या' असं जिथे जिथे लिहिलंय त्या जागा समोर मांडल्या. सगळ्या मिळून १९०० च्या आसपास निघाल्या. मग एकेक नियम घेऊन बदलायला लावला. जुलै २०२४ मधे त्यांनी जाहीर केलं की २८ जूनलाच आम्ही फ्लॉपीविरुद्धची लढाई जिंकलो, फ्लॉपीचे १०३४ नियम गेले, आता जुन्या गाड्यांच्या रिसायकलिंगशी संबंधित एकच उरलाय. तर मुद्दा फ्लॉपीचा नाहीच्चे मुळी. एका मंत्र्यानं आधी बसून मोजलं की आपलं सरकार लोकांकडून नेमकं काय काय मागतं आणि कुठल्या ओळीच्या आधारावर मागतं, आणि मग ती ओळ खोडली. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती का ते पुढे सांगते.

त्याच्या आधीचं काम त्याहून मोठं. सप्टेंबर २०२० मधे योशिहिदे सुगा पंतप्रधान झाले आणि त्यांनी कोनोंना प्रशासकीय सुधारणा खातं दिलं. कोरोनाचे दिवस. सरकार म्हणतंय घरून काम करा आणि लोक लोकलनं ऑफिसात जातायत, कशाला तर कागदावर शिक्का मारायला! तिकडे सहीच्या जागी नावाचा छोटा गोल शिक्का चालतो, हान्को म्हणतात त्याला, घरात प्रत्येकाचा असतो, बँकेला वेगळा, जमिनीच्या व्यवहाराला वेगळा. कोनोंनी सगळ्या खात्यांना कळवलं की शिक्का घेणं बंद करा, आणि ज्यांना वाटतं की आमच्या कामाला तो हवाच त्यांनी महिनाअखेरपर्यंत कारण द्या. म्हणजे बघा, कारण देण्याची जबाबदारी त्यांनी काउंटरच्या पलीकडे बसलेल्यावर टाकली. नोव्हेंबरमधे हिशोब आला, शिक्का लागणाऱ्या १४९९२ प्रकारच्या सरकारी कामांपैकी फक्त ८३ ठिकाणी तो राहणार होता. बाकी कोणाला कारणच देता आलं नाही! इतकी वर्षं मारत होतो म्हणून मारत होतो. ही बातमी वाचली तेव्हा मी सेंटरवर एकटीच होते आणि मला खरंच भरून आलं, कारण एवढं साधं कोणी आपल्याकडे विचारलंच नाहीये.

ह्यात त्यांचं एक वागणं मात्र मला पटलं नाही तेही लिहिते. यामानाशी नावाचा तिकडचा एक प्रांत आहे, देशातले जवळपास निम्मे हान्को तिथे कोरले जातात, पिढीजात कारागीर आहेत. हे सगळं चाललेलं असताना कोनोंनी 'शिक्का बंद' असं कोरलेल्या एका शिक्क्याचा फोटो ट्विटरवर टाकला. त्या प्रांताच्या गव्हर्नरांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि ती रास्तच होती. सुधारणा बरोबर असली तरी ज्याचं पोट त्यावर आहे त्याची थट्टा मंत्र्यानं करू नये. आपल्या इथे कोर्टाच्या आसपास रबर स्टॅम्प बनवणारे, टायपिंगवाले, स्टॅम्प पेपरवाले बसतात, उद्या त्यांचं काम गेलं तर त्यांना आधी विश्वासात घ्यावं लागेल की नाही? कोनोंची ही सवय त्यांना पुढेही नडली. ट्विटरवर जपानमधल्या सगळ्यात जास्त फॉलोअर्स असलेल्या नेत्यांपैकी एक, पण टीका करणाऱ्यांना सरळ ब्लॉक करतात असा त्यांच्याबद्दल कायम आक्षेप. लोकांशी थेट बोलतो म्हणायचं आणि जे पटत नाही ते बोलणाऱ्याला दार बंद, हे मंत्र्याला शोभत नाही.

अजून एक. त्याच २०२० च्या सप्टेंबरमधे त्यांनी स्वतःच्या वेबसाइटवर लोकांसाठी तक्रारपेटी उघडली होती, सरकारी खाती एकमेकांशी बोलत नाहीत त्याचा त्रास कळवा म्हणून, आणि तिला नाव दिलं होतं ११० च्या धर्तीवर, म्हणजे तिकडचा पोलिसांचा नंबर. एका दिवसात हजारो तक्रारी आल्या आणि पेटी थांबवावी लागली. आपल्या मध्य प्रदेशात सीएम हेल्पलाइन १८१ आहे, ज्यांनी कधी तिथे तक्रार टाकून मग "समस्या सुटली का" असा फोन घेतलाय त्यांना कळेल की पेटी उघडणं सोपं आणि आतली चिठ्ठी वाचून उत्तर देणं किती अवघड. आणि फॅक्सच्या बाबतीत तर त्यांना माघार घ्यावी लागली, २०२१ मधे सगळ्या मंत्रालयांना फॅक्स बंद करा म्हणाले तर ४०० च्या आसपास हरकती आल्या, गुप्त माहिती आहे, ईमेल सुरक्षित नाही वगैरे, आणि ते तसंच राहिलं. ह्याबद्दल तिकडे त्यांची टर उडवली गेली पण मला ते वेगळं वाटतं, निदान ज्या खात्याला फॅक्स हवा होता त्याला का हवा ते लिहून द्यावं तरी लागलं.

आता इंदूरचं सांगते. ऑफिसचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही कारण हे एका ऑफिसचं नाहीये.

सेंटरवर एक आजी आल्या होत्या, यजमान गेले, फॅमिली पेन्शन सुरू करायची. आपल्या मराठी घरांत पूर्वी लग्नात नाव बदलायचे, ताटात तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचे, तर त्यांच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, यजमानांच्या नोकरीच्या कागदांत सासरचं नाव, आणि आधार काढताना इथल्या ऑपरेटरनं सासरच्या नावापुढे 'बाई' लावून दिलेलं, इकडे बायकांच्या नावाला लावतातच. तीन कागद, तीन बायका. आधी सांगितलं शपथपत्र करा, कोर्टाजवळ जाऊन नोटरी करून आणलं. मग सांगितलं पेपरात जाहिरात द्या. ती दिली. मग म्हणाले पार्षदांचं, म्हणजे नगरसेवकांचं, पत्र आणा की ह्या त्याच आहेत. ते आणलं तर म्हणे झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरची सही हवी. आजी वॉकर घेऊन चालतात. शेवटच्या खेपेला मी सोबत गेले आणि काउंटरवरच्या माणसाला अगदी शांतपणे विचारलं की हे सगळे कागद लागतात असं लिहिलंय कुठे, मला ते दाखवा, मी एकदाच सगळं करून आणते. तो माणूस काही उद्धट नव्हता, चहा पण विचारला त्यानं. म्हणाला, "मैडम, लिखा कहीं नहीं है, पर लगता तो है ही." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तो खोटं बोलत नव्हता. त्यालाही कोणीतरी असंच सांगितलं असणार, आणि उद्या ऑडिटमधे काही निघालं तर मान त्याची, म्हणून तो आपला एक कागद जास्तीचा घेऊन ठेवतो.

आणि इथे मला कोनोंच्या कामाची खरी किंमत कळली. त्यांच्याकडे जाच होता पण तो लिहिलेला होता. लिहिलेला होता म्हणून मोजता आला, मोजला म्हणून खोडता आला. आपल्याकडे निम्मा जाच कुठे लिहिलेलाच नाहीये. तो कोणत्या नियमात नाही, म्हणून कोणताही मंत्री तो रद्द करू शकत नाही. उद्या खुद्द तारो कोनोंना भोपाळला आणून वल्लभ भवनात, म्हणजे मंत्रालयात, बसवलं तरी ते काय खोडतील? खोडायला ओळ तर हवी! गॅझेटेड ऑफिसरच्या सहीचंच घ्या, केंद्र सरकारनं दहाएक वर्षांपूर्वीच सांगितलंय की स्वतः सही केलेली प्रत चालेल आणि मूळ कागद शेवटी दाखवावा, तरी अजून सही मागतातच. वर नियम बदलतो आणि खाली पद्धत तशीच चालू राहते कारण ती नियमावर उभीच नव्हती.

आपलं राज्य ह्यात मागे आहे असंही नाही बरं का, उलट. लोकसेवा गॅरंटीचा कायदा देशात सगळ्यात आधी मध्य प्रदेशनं केला, २०१० साली. अमुक सेवा इतक्या दिवसांत मिळालीच पाहिजे, नाही दिली तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त ५००० रुपये दंड. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं बक्षीस मिळालं त्याला. लोकसेवा केंद्रावर ज्या सेवा यादीत आहेत त्यांची कामं बऱ्यापैकी होतात हे मी रोज बघते, पावती मिळते, तारीख मिळते, कोणाचं तोंड बघून काम होत नाही. का होतात? कारण कागद कोणते आणि दिवस किती हे लिहिलेलं आहे. जिथे लिहिलेलं नाही तिथे आजी वॉकर घेऊन फिरतात.

आता कोनोंच्या घरचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय माणूस कळत नाही. राजकारणातलं तिसऱ्या पिढीचं घर. आजोबा इचिरो कोनो शेतीमंत्री होते, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची जबाबदारी असलेले मंत्री पण तेच. वडील योहेई कोनो, १९९३ मधे चीफ कॅबिनेट सेक्रेटरी (तिकडे हे मंत्रिपद असतं) असताना दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी कोरिया आणि इतर देशांतल्या बायकांवर जी जबरदस्ती झाली त्याबद्दल त्यांनी सरकारतर्फे माफी मागितली, तिकडचे उजवे लोक त्यांना अजून ह्यासाठी शिव्या देतात. लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष झाले पण पंतप्रधान होऊ शकले नाहीत, पुढे २००३ ते २००९ लोकसभेसारख्या त्यांच्या खालच्या सभागृहाचे अध्यक्ष राहिले. आपल्या इंदूरकरांना ते पद काय असतं वेगळं सांगायला नको, सुमित्राताई महाजन आठ वेळा इथून निवडून गेल्या आणि २०१४ ते २०१९ त्याच खुर्चीवर होत्या.

तारो कोनोंचा जन्म १९६३ चा. शिक्षण अमेरिकेत जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीत, त्यातला काही काळ पोलंडमधे, कम्युनिस्ट राजवट असतानाच्या पोलंडमधे. मग फोटोकॉपी मशीनच्या कंपनीत नोकरी. १९९६ मधे कानागावा प्रांतातून पहिल्यांदा निवडून आले. आणि २००२ मधे वडिलांचं यकृत हेपटायटिस सी नं पार निकामी झालं तेव्हा तारो कोनोंनी स्वतःच्या यकृताचा तुकडा दिला. वडील पुढे सभागृहाचे अध्यक्ष झाले ते त्याच यकृतावर. मग तारो कोनो अवयवदानाच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून झटले आणि २००९ मधे तो कायदा बदलला, मेंदूमृत झालेल्या माणसाच्या इच्छेची नोंद नसली तर घरच्यांच्या संमतीनं दान करता येऊ लागलं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. घराणेशाहीवर मला स्वतःला राग आहे, मंत्र्याचा मुलगा मंत्री हे आपल्याकडेही खूप झालंय. पण हा माणूस हॉस्पिटलच्या बेडवर पडून आलेला आहे, आणि जिवंत माणसाला कापायची वेळ येऊ नये म्हणून कायदा बदलायला उभा राहिला, हे कुठल्याही घराण्यातून फुकट मिळत नाही.

पक्षात ते बरेच दिवस आडमुठे म्हणून ओळखले जायचे, अणुऊर्जेला विरोध, तोही स्वतःच्या पक्षाचं धोरण अणुऊर्जेच्या बाजूचं असताना. मंत्री झाल्यावर ते बोलणं कमी झालं आणि २०२४ पर्यंत तर त्यांनी भूमिकाच मवाळ केली, विजेची गरज वाढणार म्हणून. हे मला आवडलं नाही. २०१७ मधे शिंझो आबेंनी परराष्ट्रमंत्री केलं, तेव्हा २०१९ मधे कोरियाच्या राजदूतांचं बोलणं कॅमेऱ्यासमोर मधेच तोडून "हे फारच उद्धटपणाचं आहे" म्हणाले होते, ज्यांच्या वडिलांनी त्याच देशाची माफी मागितली होती त्यांचा हा मुलगा. मग संरक्षणमंत्री. ३० नोव्हेंबर २०१९ ला दिल्लीत भारत-जपानच्या परराष्ट्र आणि संरक्षण मंत्र्यांची पहिली एकत्र बैठक झाली त्याला ते आले होते, आपल्याकडून राजनाथ सिंह आणि जयशंकर होते. जून २०२० मधे त्यांनी अमेरिकेकडून घ्यायची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा, एजिस अशोर, बसवायचं काम थांबवलं. का, तर क्षेपणास्त्राचा बूस्टर सुटल्यावर तो लष्कराच्या हद्दीतच पडेल, लोकांच्या घरांवर नाही, अशी खात्री यामागुचीतल्या गावकऱ्यांना दिलेली होती आणि ती पाळता येणार नाही हे लक्षात आलं. पाळायची तर अजून कितीतरी पैसा आणि वर्षं लागणार होती. दिलेला शब्द पाळता येत नाही हे सरकारनं स्वतःहून सांगून एवढा मोठा सौदा थांबवणं, हे मी तरी क्वचितच ऐकलंय.

पण आता जे सांगायचंय ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते त्यांच्या विरोधातलं आहे.

जपानमधे आपल्या आधारसारखा 'माय नंबर' आहे, बारा आकडी. डिजिटल मंत्री म्हणून कोनोंनी तो जोरात रेटला. ऑक्टोबर २०२२ मधे जाहीर करून टाकलं की कागदी हेल्थ इन्शुरन्स कार्ड बंद करणार, सगळं माय नंबर कार्डावर. आणि २०२३ मधे एकेक घोळ बाहेर यायला लागले. योकोहामात दुकानातल्या मशीनमधून दाखला काढला तर दुसऱ्याच माणसाचा निघाला. कोणाच्या नंबराला भलत्याच माणसाची आरोग्याची माहिती जोडलेली, अशी हजारो प्रकरणं. सरकारी पैसे यायच्या बँक खात्यात तर लाखाच्या वर लोकांच्या नंबराला स्वतःचं सोडून घरच्या दुसऱ्या कोणाचं खातं, बहुतेक मुलांच्या नंबराला आईवडिलांचं.

ह्याचं कारण वाचलं आणि मला आपला समग्र पोर्टलच आठवला. तिकडे सरकारी नोंदीत नाव कांजी लिपीत असतं, चिनी अक्षरांत, ज्याचा उच्चार एकाच अक्षराचा दोन-तीन प्रकारे होऊ शकतो. आणि बँकेत नाव असतं काताकाना लिपीत, म्हणजे उच्चाराप्रमाणे. सरकारी नोंदीत उच्चार लिहिलेलाच नव्हता. मग मशीननं ताडून बघायचं कसं की हे खातं ह्याच माणसाचं? बघताच येईना, म्हणून ज्यानं जे भरलं ते गेलं. शेवटी कायदाच बदलावा लागला आणि मे २०२५ पासून तिकडच्या कुटुंब नोंदणीत नावाचा उच्चार लिहिणं सुरू झालं.

आता आमच्याकडे बघा. समग्र आयडीत नाव हिंदीत, आधारमधे हिंदी आणि इंग्रजी, बँकेत इंग्रजी. काळे आडनावाचे लोक येतात, हिंदीत ळ लिहित नाहीत म्हणून समग्रमधे काले, बँकेच्या इंग्रजीत एकाला एक ए तर त्याच्याच भावाला दोन ए. वडिलांचं नाव मधे लिहायची आपली पद्धत, ते फॉर्ममधे कधी मधल्या नावात जातं कधी नावातच चिकटतं कधी उडतं. मार्च २०२३ मधे लाडली बहनाचे, म्हणजे बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या राज्याच्या योजनेचे, फॉर्म सुरू झाले तेव्हा समग्रचं ई-केवायसी करायला माझ्या सेंटरबाहेर सकाळपासून बायका उभ्या असायच्या, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात 'नाम मेल नहीं खाता' आलं की त्या बाईचा चेहरा बघवत नसे. अहो, ती स्वतः माझ्यासमोर बसलीये, बोट मशीनवर ठेवलंय, आणि मशीन म्हणतंय ही ती नाहीच. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची तर बोटंच उमटत नाहीत. काउंटरवरच्या माणसाला निदान विनवता येतं, मशीनला काय विनवणार.

म्हणजे शिक्का काढला, फ्लॉपी काढली, कागद काढला आणि खाली नावांचा घोळ तसाच ठेवला तर तोच जाच मशीनच्या आत जाऊन बसतो. कोनोंकडून हे झालं. कागद काढायची घाई केली. १५ ऑगस्ट २०२३ ला त्यांनी जाहीर केलं की मंत्री म्हणून मिळणारा तीन महिन्यांचा पगार मी परत करतो. खालच्या कुठल्या कंत्राटी ऑपरेटरवर नाही ढकललं. आमच्याकडे असं झालं की पहिला बळी डेटा एंट्री करणारा पोरगा जातो, हे मी जवळून पाहिलंय. आणि एक चांगली गोष्ट अशी झाली की वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना पिन लक्षात राहत नाही, सांभाळणाऱ्यांना दुसऱ्याचा पिन ठेवायची भीती, म्हणून डिसेंबर २०२३ पासून पिन नसलेलं, चेहऱ्यावरून ओळखणारं कार्ड त्यांनी सुरू केलं. आपल्याकडेही पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याला २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख चालते, त्यामुळे कितीतरी आजी-आजोबांचे बोटांचे हाल वाचले, हे श्रेय आपल्या सरकारला द्यायलाच हवं. तरी तिकडे २ डिसेंबर २०२४ ला नवीन कागदी इन्शुरन्स कार्ड देणं बंद झालंच, आणि लोकांचा राग काही गेला नाही.

तो राग मतांत दिसतो. २०२१ मधे सुगा गेले तेव्हा कोनो पक्षाध्यक्षपदाला उभे होते, म्हणजे पंतप्रधानपदालाच म्हणा. पहिल्या फेरीत किशिदांना २५६ आणि कोनोंना २५५, एका मताचा फरक! त्यातली पक्षाच्या साध्या सभासदांची मतं कोनोंना १६९ आणि किशिदांना ११०. पण खासदार त्यांच्या बाजूनं नव्हते, ते ८६ च. दुसऱ्या फेरीत खासदारांचं पारडं जड असतं, तिथे २५७ विरुद्ध १७० नं हरले, जरी ४७ पैकी ३९ प्रांत त्यांच्या बाजूनं होते. तेव्हा सगळे म्हणायचे लोकांचा माणूस, पक्षानं पाडला. आणि २०२४ मधे परत उभे राहिले, नऊ उमेदवार होते, तर सभासदांच्या मतांतून वाट्याला आली ८. १६९ वरून ८! खासदारांची २२ धरून एकूण ३०, आठवा नंबर. काळ्या पैशाच्या प्रकरणानंतर पक्षातले बाकीचे गट मोडत असताना ते माजी पंतप्रधान तारो आसोंच्या गटात बसून राहिले ह्याचाही राग होता, पण माझ्या मते इन्शुरन्स कार्डाचा जास्त. लोकांनी शिक्का काढल्याबद्दल डोक्यावर घेतलं होतं ते काम हलकं झालं म्हणून. काम जड झाल्यावर त्याच लोकांनी खाली उतरवलं.

हे सगळं एवढं लिहिलं कारण मला वाटतं त्यांच्या कामातला पहिला भाग आपण उचलायला हवा, आणि त्यासाठी मंत्री लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सरकारी ऑफिसनं आपले नियम, सूचना, कामाची पद्धत स्वतःहून जाहीर करायची आहे, कोणी अर्ज करायची वाट न बघता. म्हणजे "लिखा कहीं नहीं है" हे उत्तर कायद्यानं चालतच नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे की आठवड्यातून एकदा पेपरात थोडी जागा द्या. इंदूर, देवास, उज्जैन, धारच्या मराठी वाचकांनी कळवावं की कोणत्या कामाला कोणता कागद मागितला. तुमच्या वार्ताहरानं त्या ऑफिसला लेखी विचारावं की हा कागद कुठल्या नियमाखाली, आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं छापावं. नियम असेल तर नियमाचा नंबर छापा, म्हणजे पुढचा माणूस एकदाच सगळं घेऊन जाईल. नसेल तर 'नियम नाही' असं छापा, ते कात्रण लोक काउंटरवर दाखवतील. सुरुवात फॅमिली पेन्शन आणि लग्नानंतर बदललेल्या नावांपासून करा, आपल्या समाजात सत्तरीच्या पुढच्या बायका ह्यातच सगळ्यात जास्त अडकल्यात. माझ्याकडे सेंटरवर मी एक वही केलीये, त्यात लोकांची नावं न लिहिता काम कोणतं, कागद कोणता आणि कोणी तोंडी मागितला तेवढं लिहून ठेवते. तुम्ही जागा देणार असाल तर ती वही मी ऑफिसात आणून देते.

आपली नियमित वाचक,
सुदामा नगर, इंदूर